उपोसथ, स्मृतिदिन आणि मार्चमधील तीन तारखा

मार्च महिन्यातील २०, २१ आणि २२ या तीन तारखा दिनदर्शिकेत एकमेकींना लागून येतात. २० मार्च हा आपल्या दृष्टीने महाडचा दिवस. १९२७ साली याच तारखेला बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. २१ मार्च हा संयुक्त राष्ट्रसंघाने वांशिक भेदभाव निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून ठरविला आहे, आणि २२ मार्च हा जागतिक जल दिन आहे. कंधार तालुक्यातील एखाद्या बुद्ध विहारात विचारले तर पहिल्या तारखेचे महत्त्व शाळकरी मुलेही सांगतील. तिसरी तारीख शाळा आणि कार्यालयांच्या फलकांवर लिहिलेली दिसते. मधली मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पाणी आणि भेदभाव हे विषय महाडच्या तळ्याच्या काठी एकच होते. जगाच्या दिनदर्शिकेत त्यांची वाटणी झाली आहे. ही वाटणी कशी झाली, आणि मुळात असे दिवस पाळावयाचे ते कशासाठी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दिवस पाळण्याच्या प्रथेबद्दल आपल्या सुशिक्षित धम्मबांधवांच्या मनात एक शंका असते आणि ती वरवरची नाही. दीक्षाभूमीवरील बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मराठीत 'दिवस घालणे' म्हणजे तर मृताचे उत्तरकार्य करणे. मग हुतात्म्यांचे दिवस पाळणे, ठराविक तारखेला प्रतिमेस पुष्पहार अर्पण करणे, मेणबत्ती लावणे, हे त्याच श्राद्धाचे नवे रूप नव्हे काय? तरुण उपासकांकडून हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. आपल्या महापुरुषांचे स्मरणही करू नये काय, असे भावनेच्या भरात उलट विचारून त्याची बोळवण करता येणार नाही. उत्तर पालि वाङ्मयात शोधले पाहिजे, कारण दिवस पाळावा की न पाळावा हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खुसंघापुढेही आला होता.

विनयपिटकाच्या महावग्गात उपोसथक्खंधक नावाचे प्रकरण आहे. त्याच्या आरंभीचा प्रसंग राजगृहाचा. भगवान बुद्ध गृध्रकूट पर्वतावर असताना मगधराज बिंबिसाराच्या मनात विचार आला, की अन्य मतांचे परिव्राजक पक्षाच्या चतुर्दशीला, पंचदशीला आणि अष्टमीला एकत्र जमून आपल्या धर्माचे कथन करतात. लोक ते ऐकावयास जातात आणि त्यांच्याविषयी लोकांत आपुलकी उत्पन्न होते. तर आपल्या भिक्खूंनीही त्या दिवशी का जमू नये? राजाची ही सूचना भगवंतांनी मान्य केली. याचा अर्थ असा, की बौद्ध परंपरेतील नियमाने पाळावयाचा दिवस कोणा देवतेच्या आज्ञेतून आला नाही आणि नक्षत्राच्या पुण्याईतूनही आला नाही. लोक ज्या दिवशी ऐकावयास मोकळे असत तो दिवस शेजारच्या पंथांकडून जसाच्या तसा उचलला गेला. उसना घेतलेला दिवस आहे म्हणून भगवंतांना त्यात कमीपणा वाटला नाही.

पुढची हकिकत तर अधिकच उद्बोधक आहे. भिक्खू ठरल्या दिवशी जमले, पण मुकाट्याने बसून राहिले. धम्म ऐकण्याच्या आशेने आलेले लोक संतापले आणि मुक्या डुकरांसारखे हे नुसतेच काय बसले आहेत, असे म्हणू लागले. हा कठोर शब्द आमचा नाही, विनयाचाच आहे. त्यानंतर त्या दिवशी धम्मकथन करण्याची अनुज्ञा झाली आणि पुढे पातिमोक्खाचे पठण आले. त्याच प्रकरणात आणखी एक लहानसा प्रसंग आहे. लोक भिक्खूंना आज पक्षाची कितवी तिथी म्हणून विचारीत आणि भिक्खूंना ती सांगता येत नसे. तेव्हा 'पक्खगणना' शिकण्याची परवानगी देण्यात आली. तिथी मोजण्याची विद्या संघात आली ती मुहूर्त काढण्यासाठी आली नाही. मुहूर्ताचा समाचार नक्खत्त जातकात घेतला आहेच. नक्षत्र पाहत बसलेल्या घराण्याची ठरलेली वधू तेथे दुसऱ्याच्या घरी जाते.

उपोसथाचा दिवस चांगला की वाईट पाळला गेला हे कशावरून ठरवावे, याचे उत्तर अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात मिळते. श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारात विशाखा उपासिका उपोसथाच्या दिवशी भगवंतांकडे येते आणि भगवंत तिला तीन प्रकारचे उपोसथ सांगतात. पहिला गुराख्याचा. गुराखी संध्याकाळी गायी मालकांच्या स्वाधीन करतो आणि विचार करतो, की आज गुरे अमुक रानात चरली, अमुक ठिकाणी पाणी प्याली. उद्या ती तमुक रानात चरतील. तसा एखादा मनुष्य उपोसथाच्या दिवशी आज काय खाल्ले आणि उद्या काय खाईन, याच विचारात दिवस घालवितो. दुसरा निगंठांचा. त्यात श्रावकाला सांगितले जाते, की पूर्वेकडे शंभर योजनांच्या पलीकडे जे प्राणी आहेत त्यांच्याविषयी तू दंड खाली ठेव. तसेच पश्चिमेकडे, तसेच उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे. भगवंत म्हणतात, की यात काही प्राण्यांविषयी दया सांगितली आणि काहींविषयी सांगितली नाही. तिसरा आर्य उपोसथ. त्यात मळलेल्या चित्ताची शुद्धी आहे आणि तिचे साधन अनुस्सति, म्हणजे स्मरण, हे आहे. निगंठांचे मत येथे विरोधी पक्षाच्या तोंडून आले आहे हे अभ्यासकाने विसरू नये, आणि त्यावरून आजच्या जैन बांधवांविषयी काही निष्कर्ष काढणे तर सर्वथा अनुचित होईल. आम्हांस त्या दृष्टान्ताचा आकार तेवढा हवा आहे. शंभर योजनांपलीकडच्या दुःखाविषयी कळवळा आणि वेशीच्या आतल्या दुःखाविषयी मौन, हा तो आकार होय.

संघाबाहेर, राज्यकारभारात हा विचार नेला तो सम्राट अशोकाने. धौली आणि जौगड येथील स्वतंत्र शिलालेख त्याने तेथील महामात्रांना उद्देशून कोरविले. सर्व मनुष्ये ही आपली लेकरे आहेत, असे तो त्यात सांगतो. न्यायदान करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मत्सराने, क्रोधाने किंवा आळसाने कोणाला अकारण बंधन आणि क्लेश भोगावे लागू नयेत, अशी त्याची आज्ञा आहे. आणि मग तो त्या आज्ञेच्या श्रवणाचा दिवस ठरवून देतो. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकला जावा. मधल्या काळातही प्रसंगी ऐकला जावा. ऐकणारा एकटा असला तरी ऐकला जावा. याच स्वतंत्र लेखांची एक प्रत १९८९ मध्ये भीमा नदीच्या काठी सन्नती येथे, चंद्रलांबा मंदिराच्या परिसरात, देवीच्या मूर्तीच्या पीठासाठी वापरलेल्या शिलेवर सापडली. सन्नती गुलबर्गा जिल्ह्यात. नांदेडप्रमाणेच गुलबर्गाही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ओरिसाच्या किनाऱ्यावरची आज्ञा आपल्या इतक्या जवळ येऊन थांबली होती, हे आपल्याकडे अजून फारसे सांगितले जात नाही.

अशोकाच्या या लेखात दुःख सोसणाऱ्यापेक्षा दुःख देण्याची सत्ता ज्याच्या हाती आहे त्याला दिवस नेमून दिला आहे. श्राद्ध आणि स्मृतिदिन यांतील फरकही येथेच आहे. श्राद्ध मृतासाठी असते, आणि ते त्याच्या घराण्यापुरते असते. स्मृतिदिन जिवंत माणसांना काही ऐकविण्यासाठी असतो, आणि जो त्या घराण्याचा नाही त्याने ते ऐकावे हाच त्याचा मुख्य हेतू असतो.

संयुक्त राष्ट्रसंघाचे आंतरराष्ट्रीय दिवस आता दोनशेच्या आसपास आहेत. एखादे सदस्य राष्ट्र आमसभेत ठराव मांडते, इतर राष्ट्रे पाठिंबा देतात आणि तारीख ठरते. काही दिवस जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थांनी ठरविलेले आहेत. तारखांच्या निवडीत मात्र मोठा फरक असतो. काही तारखा दस्तऐवजाच्या असतात: १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला, म्हणून तो मानवी हक्क दिन. काही केवळ सोयीच्या असतात. १९९२ मध्ये रिओ येथील पर्यावरण परिषदेनंतर जल दिनाचा ठराव झाला आणि १९९३ पासून २२ मार्चला तो पाळला जाऊ लागला. त्या तारखेस कोठे कोणी पाण्यासाठी मेले होते असे नाही. वैशाख पौर्णिमेचा दिवस वेगळ्याच जातीचा. १९९९ च्या डिसेंबरमध्ये आमसभेने त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली आणि तिथीवर चालणारा आपला सण राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात पोहोचला. आणि काही तारखा रक्ताच्या असतात.

२१ मार्च ही त्यांपैकी एक. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या राजवटीत काळ्या माणसाला स्वतःच्या देशात फिरण्यासाठी पास बाळगावा लागे. पास जवळ नसला की अटक. या कायद्याविरुद्ध रॉबर्ट सोबुक्वे यांच्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसने १९६० मध्ये आंदोलन पुकारले. लोकांनी पास घरी ठेवून पोलीस ठाण्यावर जावे आणि आम्हांला अटक करा म्हणावे, असा कार्यक्रम होता. २१ मार्च रोजी शार्पव्हिल या वस्तीतील ठाण्यासमोर जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. अधिकृत नोंदीप्रमाणे ६९ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांतील बहुतेकांच्या जखमा पाठीवर होत्या. पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये आमसभेने ही तारीख वांशिक भेदभाव निर्मूलनाचा दिन म्हणून जाहीर केली. ज्या सरकारने गोळ्या झाडल्या ते तेव्हा सत्तेवरच होते, राष्ट्रसंघाचे सदस्यही होते. त्याला दरवर्षी ते ऐकावे लागले. १९९६ मध्ये नेल्सन मंडेला यांनी नव्या राज्यघटनेवर स्वाक्षरी करण्यासाठी शार्पव्हिलची भूमी निवडली आणि दिवस निवडला १० डिसेंबर. रक्ताच्या स्थळावर दस्तऐवजाची तारीख आणून ठेवण्याचे हे शहाणपण आम्हांस फार मोलाचे वाटते.

या दिवसाशी आपला संबंध काय? भारत सरकारचा संबंध जुना आहे. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने १९४६ मध्येच राष्ट्रसंघात उपस्थित केला होता. डिसेंबर १९६५ मध्ये वांशिक भेदभाव निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. त्याच्या पहिल्या कलमात वंश आणि वर्ण यांच्याबरोबर जन्माने येणाऱ्या कुळाचाही उल्लेख आहे. तो शब्द भारताच्या प्रतिनिधीच्या दुरुस्तीने घातला गेला. पुढे जेव्हा या शब्दात जातही येते की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा भारत सरकारने ती येत नाही अशी भूमिका घेतली. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने १९९६ मध्ये ती येते असे म्हटले. २००१ मध्ये डर्बन येथे वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषद भरली. भारतातील दलित संघटनांचे प्रतिनिधी तेथे गेले, त्यांनी तो प्रश्न जगापुढे मांडला; परंतु सरकारच्या विरोधामुळे अंतिम घोषणापत्रात जातीचा उल्लेख येऊ शकला नाही. २००२ मध्ये त्याच समितीने आपल्या सर्वसाधारण शिफारशीत जन्मकुळावर आधारित भेदभावात जातिव्यवस्था स्पष्टपणे समाविष्ट केली. विशाखेला सांगितलेला दुसरा उपोसथ तो हाच. शार्पव्हिल कंधारपासून शंभर योजनांच्या बरेच पलीकडे आहे.

बाबासाहेबांची दृष्टी याच्या उलट होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दुसऱ्या परिषदेत बोलताना त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ मध्ये फ्रान्सच्या व्हर्साय येथे भरलेल्या सभेशी केली. कोकणातल्या एका गावातील तळ्याचा प्रश्न त्यांनी त्याच दिवशी जगाच्या इतिहासात नेऊन ठेवला. जुलै १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. त्याची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा असे त्यांच्या मनात होते. ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर त्याच महिन्यात आले. शार्पव्हिलच्या गोळीबाराला तेव्हा चौदा वर्षे अवकाश होता आणि वांशिक भेदभावाचा करार व्हावयास एकोणीस. २१ मार्च हा दिवस आपला नव्हे, असे जे आपल्यातील काही जणांना वाटते, त्यांनी हा पत्रव्यवहार लक्षात घ्यावा.

आता २० मार्चकडे येऊ. महाडची हकिकत वाचकांना पाठ आहे, म्हणून तिच्यातील कायद्याचा धागा तेवढा येथे घेतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. तीन वर्षे ते खुलेपण कागदावर राहिले. ते कागदावरून उतरविण्यासाठी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले. नंतर तळ्याची पंचगव्याने शुद्धी झाली, ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दिवाणी दावा चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. सत्याग्रहाला दहा वर्षे पूर्ण व्हावयास तेव्हा तीन दिवस उरले होते.

परंतु या निकालाचा कंधारला काही उपयोग नव्हता. कंधार निजामाच्या मुलुखात. मुंबई कायदेमंडळाचा ठराव येथे लागू नव्हता, मुंबईच्या उच्च न्यायालयाचा अंमल येथे नव्हता. कंधारच्या माणसाला विहिरीवरचा हक्क कायद्याने मिळाला तो सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपून, २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान लागू झाल्यावर. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात तलावासारखा साधा शब्द का यावा, हे महाड ठाऊक नसणाऱ्याला कळणार नाही. आपल्या मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर चवदार तळ्याचे पाणी येथे तेवीस वर्षांनी पोहोचले. म्हणून १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि २० मार्च हे दोन दिवस परस्परांशी जोडलेले आहेत, असे आमचे मत आहे. पहिला सरकारी ध्वजारोहणाने होतो, दुसरा वस्तीत होतो. कंधारच्या मुख्य चौकात दोन्ही एकत्र ऐकावयास मिळतील तर बरे.

येथे एक विचित्र योगायोग नोंदविण्याजोगा आहे. भूतानच्या पुढाकाराने राष्ट्रसंघात आनंदाविषयी चर्चा सुरू झाली आणि २०१२ मध्ये आमसभेने २० मार्च हा जागतिक आनंद दिन ठरविला. त्या सुमारास दिवस आणि रात्र समान होतात. एका बौद्ध राष्ट्राच्या विचारातून निघालेला दिवस महाडच्या तारखेवर येऊन बसला, आणि त्या सभागृहात महाडचे नाव कोणी घेतल्याचे दिसत नाही. यात कोणाचा दुष्टावा नाही. आपण ते नाव तेथपर्यंत नेले नाही, एवढेच.

तिसरी तारीख पाण्याची. पाण्याच्या दृष्टीने कंधारचा इतिहास विलक्षण आहे. राष्ट्रकूटांच्या काळात हे कंधारपूर म्हणून संपन्न नगर होते. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे अभ्यासक मानतात. राष्ट्रकूट राजाच्या जगत्तुंग या बिरुदाचे नाव येथल्या विशाल तलावाला आहे. किल्ल्याभोवतीचा खंदक पाण्याचा. आधुनिक काळात मानार नदीवर बारूळचे धरण झाले. एवढे असूनही या भागातील उन्हाळा पाण्यावाचून कसा जातो ते आम्ही सांगावयास नको. मार्च २०१६ मध्ये, बरोबर जल दिनाच्या सुमारास, लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश काढावा लागला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जल दिनाच्या व्याख्यानांत पाऊस किती पडला, धरणात किती साठले, हे सांगितले जाते आणि ते आवश्यकच आहे. टंचाईत पाण्याची रांग कोणत्या गल्लीत आधी लागते आणि टँकर कोणत्या टोकाला शेवटी पोहोचतो, हे मात्र त्या व्याख्यानात नसते.

ही गोष्ट आपल्या भागाने नामांतराच्या काळात उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, आणि लगेच मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत दलितांची घरे जळू लागली. लोकांना गावे सोडावी लागली, मजुरी बंद झाली, आणि त्याबरोबरच पिण्याच्या पाण्याच्या विहिरी घाण करण्यात आल्या. भांडण विद्यापीठाच्या नावाचे होते आणि सूड विहिरीवर उगविला गेला. जातीचा प्रश्न कोठूनही सुरू झाला तरी तो पाण्यापाशी येतो, हे महाडचे निदान येथे एक्कावन्न वर्षांनी पुन्हा खरे ठरले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना त्या ऑगस्टमध्ये जाळून मारण्यात आले. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेड येथे नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन कंधारची महाविद्यालये त्याच्याकडे गेली. ज्या जिल्ह्याने नामांतरासाठी प्राण दिले, तेथील विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर ते नाव आठ महिन्यांतच दिसेनासे झाले. जिल्ह्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ही चांगलीच गोष्ट आहे. हेतूंची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्यामुळे १४ जानेवारीचे स्मरण कंधारकरांवर अधिकच येऊन पडते, कारण ते आठवून देणारा कागद आता घरात राहिला नाही.

आपण हे दिवस कसे पाळतो, हेही निर्भीडपणे पाहिले पाहिजे. वर्गणी किती जमली, ध्वनिक्षेपक किती मोठा लागला, मिरवणूक गेल्या वर्षीपेक्षा मोठी झाली की नाही आणि पुढच्या वर्षी फलकावर कोणाचे छायाचित्र असावे, या चर्चेत दिवस जातो. विशाखेला सांगितलेला गुराखी आपल्याही वस्तीत राहतो. दुसऱ्या टोकाला काही ठिकाणी पुष्पहार, वंदना आणि अल्पोपाहार एवढ्यातच कार्यक्रम आटोपतो आणि ऐकावयास आलेला माणूस काही न ऐकता परततो. विनयातील लोक ज्यामुळे संतापले होते तो प्रकार हाच. आनंद व्यक्त करू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्यांच्या आजोबांना गावाच्या रस्त्यावरून वाजतगाजत जाता येत नव्हते, त्यांची मिरवणूक ही सुद्धा एक प्रकारची घोषणाच आहे. मात्र मिरवणुकीत जे सांगितले जात नाही ते सांगण्याची वेळ कधीतरी असावी लागते.

ऐकण्याची सवय आपल्या विहारांना नवी नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन गावोगाव चालते. शेतातून थकून आलेल्या माता-भगिनी त्याला नियमाने बसतात. जिल्ह्यातच दाभड येथे महाविहार बावरीनगरात पौष पौर्णिमेला धम्म परिषद भरते. सुत्तनिपातातील बावरी गोदावरीच्या काठी राहत होता. त्याने आपले सोळा शिष्य प्रतिष्ठानमार्गे मगधापर्यंत पाठविले ते प्रश्न विचारून उत्तर ऐकण्यासाठी. त्याचे नाव धारण करणाऱ्या स्थळी दूरचे ऐकण्याला कोणी परके मानणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. कंधार आणि आसपासच्या विहारांनी २०, २१ आणि २२ मार्च हे तीन दिवस एकच श्रवणसप्ताह समजावा. सप्ताह तीन दिवसांचा असला तरी हरकत नाही. पहिल्या संध्याकाळी महाडच्या १९३७ च्या निकालाचा सारांश आणि संविधानाचा पंधरावा व सतरावा अनुच्छेद वाचावा. दुसऱ्या संध्याकाळी शार्पव्हिलची हकिकत सांगावी, आणि बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र का लिहिले ते सांगावे. तिसऱ्या संध्याकाळी गावातील पाण्याचा हिशेब मांडावा: विहिरी किती, हातपंप किती, चालू किती, कोणत्या वस्तीत किती, टँकर कोठे थांबतो. त्या संध्याकाळी सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना आवर्जून बोलवावे, कारण अशोकाची आज्ञा महामात्रांसाठी होती. ते येतील न येतील. एकच आला तर एकाला ऐकवावे. वाचनापूर्वी ज्यांची नावे घ्यावयाची त्यांत आपल्या जिल्ह्यातील पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे ही नावे असावीत, आणि शार्पव्हिलच्या ६९ जणांसाठी उभे राहून क्षणभर शांतता पाळावी.